‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणण्याआधी

शनिवारी संध्याकाळी शॉप फ्लोअरवर वादावादी होते. मालकाचा पारा चढतो आणि तोंडातून वाक्य निघून जातं, “उद्यापासून येऊ नकोस, हिशेब घेऊन जा.” सोमवारी सकाळी तो कामगार नेहमीप्रमाणे डबा घेऊन गेटवर येतो आणि वॉचमन त्याला आत सोडत नाही. पंधरा-वीस दिवसांनी लेबर ऑफिसचं पत्र येतं. मग मालक सल्लागाराला फोन करून सांगतो, “अहो, आम्ही त्याला काढलंच नाही. तोच येत नाही.”

भोसरी असो, अंबड असो की शिरोली, छोट्या कारखान्यांतल्या कामावरून काढण्याच्या बऱ्याचशा भानगडी अशाच सुरू होतात. ‘तोच येत नाही’ हा बचाव इतका जुना झाला आहे की समोरचा अधिकारी त्यावर एकच प्रश्न विचारतो: कामावर हजर व्हा, असं पत्र पाठवलंत का? पाठवलेलं नसतं. आणि आता पाठवावं तर तो खरंच हजर होईल, ही धास्ती असते.

१९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने असंच एक प्रकरण निकालात काढलं. कंपनीच्या स्थायी आदेशांतच लिहिलेलं होतं की आठ दिवसांपेक्षा जास्त विनापरवानगी गैरहजर राहिलं तर नोकरी आपोआप गेली. कामगार म्हणत होता, मी रोज येतोय, मला गेटवर अडवतात. न्यायालयाने ‘आपोआप’ मान्य केलं नाही. नोकरी घालवायची तर आधी त्या माणसाला विचारलं पाहिजे, त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे. तेव्हा गैरहजर माणसाचा प्रश्न असेल तर घरच्या पत्त्यावर आणि गावच्या पत्त्यावरही पत्रं जाऊ द्या. तारीख घालून हजर व्हायला सांगा, आणि आला तर खरोखर आत घ्या. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, म्हणून आता स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवायची. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडून परत आलं तर ते न फोडता तसंच फाइलला लावा. पुढे त्या बंद पाकिटाची गरज पडते.

माणसाला कामावरून कमी करता येतं. कायदा त्याच्या आड येत नाही, फक्त रीत सांगतो. पण त्या रीतीत शिरण्याआधी एक गोष्ट स्वतःशी पक्की करावी लागते: आपण याला नक्की का काढतोय? कारणं साधारण तीनच असतात. त्याने काही गैर केलंय, किंवा त्याला काम जमत नाही, किंवा त्याचं काम चोख आहे पण आपल्याकडेच काम उरलेलं नाही. या तिन्हींचे रस्ते वेगळे, कागद वेगळे, द्यायचे पैसे वेगळे. आणि सगळ्यांत महागात पडतं ते मनात एक कारण ठेवून कागदावर दुसरं लिहिणं.

हे दोन्ही बाजूंनी होतं. ऑर्डरी घटल्या, दोन माणसं जास्त झाली, पण कपातीची भरपाई द्यायची नाही म्हणून त्यांच्या नावावर घाईघाईने तीन-तीन मेमो तयार होतात. नऊ वर्षं ज्याच्या फाइलमध्ये एक ओळ नव्हती, त्याच्या फाइलमध्ये एका पंधरवड्यात तीन मेमो! हे वाचणाऱ्याला कळत नाही असं समजू नका. याच्या उलटही होतं. माणूस भंगार बाहेर नेताना सापडला, पण त्याच्या बायकामुलांकडे बघून मालक म्हणतो, “कशाला डाग लावायचा? काम कमी झालं म्हणून दाखवा.” दाखवतात. पुढच्याच महिन्यात त्या जागी नवा माणूस येतो. मग जुना विचारतो, काम कमी झालं होतं ना? तिथे चोरीचा विषय आता काढता येत नाही, कारण तुमच्याच सहीच्या पत्रात तो नाही. कपात केलेल्या कामगाराला वर्षभरात नवी भरती करताना आधी विचारावं, असं २०२० ची औद्योगिक संबंध संहिता सांगते, ते आणखी वेगळं.

ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा तिने घेतली. आकडे काही बदलले, गाभा तोच राहिला. संरक्षण आहे ते ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्याला. अंगमेहनतीचं, कुशल, तांत्रिक, कारकुनी काम करणारा कामगार धरला जातो. व्यवस्थापक नाही. सुपरवायझरचं वेतन महिना १८,००० रुपयांच्या वर असेल तर तोही नाही. मात्र व्हिजिटिंग कार्डावर ‘मॅनेजर’ छापलं म्हणून कोणी व्यवस्थापक होत नाही. तो दिवसभर काय करतो, रजा कोणाच्या मंजूर करतो, कोणाला काढू-घेऊ शकतो, हे बघितलं जातं. हाताखाली एकही माणूस नसलेला ‘असिस्टंट मॅनेजर अकाउंट्स’ कायद्याच्या नजरेत बहुधा कारकूनच ठरतो. खऱ्या व्यवस्थापकाच्या बाबतीत नेमणूकपत्रातला करार चालतो: त्यात लिहिलेली नोटीस द्या, किंवा नोटिशीचा पगार द्या.

दुसरा आकडा २४० दिवसांचा. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की ते सलग वर्ष धरलं जातं आणि कपातीची भरपाई वगैरे हक्क सुरू होतात. म्हणून सात महिने झाले की ‘ब्रेक’ देऊन पुन्हा घ्यायची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. तिच्या भरवशावर राहू नका. वर्षानुवर्षं माणसाला बदली किंवा तात्पुरता म्हणून राबवणं, कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून, ही अनुचित कामगार प्रथा आहे. महाराष्ट्राने १९७१ साली केलेल्या कायद्यात ती यादीत होती आणि संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही आहे. ठरावीक मुदतीपुरताच माणूस हवा असेल तर सरळ मुदतीचं नेमणूकपत्र द्या. मुदत संपली की नोकरी संपते, ती कपात धरली जात नाही. फक्त अशा माणसाला आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी लागू होते, हे हिशेबात धरा.

काम जमत नसलेल्या माणसाकडे मालक सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात. गैरवर्तन डोळ्यांत भरतं, काम न जमणं मनात साचत राहतं. सुपरवायझर रोज कुरकुरतो, पण दरवर्षी पगारवाढीच्या वेळी त्या माणसालाही इतरांसारखीच वाढ मिळते आणि पत्रात ‘आपल्या चांगल्या कामाची दखल घेऊन’ असं छापील वाक्य असतं. पाच वर्षांनी त्याला ‘अकार्यक्षम’ म्हणून काढलं की तो हीच पाच पत्रं पुढे ठेवतो. तेव्हा बोलायचं ते वेळेवर आणि लेखी. काय अपेक्षित आहे, काय होतंय, किती मुदतीत काय सुधारायचं आणि त्यासाठी आपण काय देणार: शिकवणारा माणूस, दुसरं मशीन, दुसरी पाळी. मुदत संपली की पुन्हा बसा आणि ते टिपून ठेवा. खूपदा माणूस चुकीच्या जागी बसलेला असतो. स्टोअरमध्ये गोंधळ घालणारा पोरगा डिस्पॅचला उत्तम निघाल्याची उदाहरणं प्रत्येक कारखान्यात सापडतील.

याच कामासाठी प्रोबेशन असतं, पण त्याचा उपयोग फार थोडे करतात. सहा महिने संपतात, कोणाच्या लक्षात राहत नाही, माणूस आत राहतो. प्रोबेशन संपायच्या महिनाभर आधी कॅलेंडरवर खूण करा. ठेवायचं नसेल तर पत्र साधं ठेवा: आपली परिविक्षाधीन सेवा अमुक तारखेपासून समाप्त करण्यात येत आहे. त्यात ‘आपण उद्धट आहात, आपल्यावर विश्वास ठेवता येत नाही’ असं काही घातलंत की ते पत्र साध्या सेवासमाप्तीचं राहत नाही, ती शिक्षा होते. आणि शिक्षा म्हटली की चौकशी आली.

आता गैरवर्तन. पहिला कागद आरोपपत्र, आणि अर्धी लढाई तिथेच ठरते. ‘आपले वर्तन बेशिस्तीचे असून आपण वारंवार कामात हलगर्जी करता’ हे आरोपपत्र नव्हे, ती तक्रार झाली. याला तो उत्तर काय देणार? त्याऐवजी असं लिहा: ‘दिनांक १२ मार्च रोजी दुसऱ्या पाळीत रात्री ९.२० वाजता सीएनसी क्रमांक ४ चालू ठेवून, सुपरवायझरला न सांगता आपण शेडबाहेर गेलात व १०.०५ वाजता परतलात. त्या अवधीत ११ नग मापाबाहेर गेले.’ तारीख, वेळ, जागा, काय केलं, काय झालं. मत एकही नाही. आणि ‘हे सिद्ध झाल्यास गैरवर्तन ठरेल’ असं लिहायचं, ‘आपण दोषी आहात’ असं नाही. चौकशीआधीच दोषी ठरवून टाकलंत तर पुढची चौकशी नाटक ठरते. पत्र त्याला वाचता येईल त्या भाषेत हवं. तो ओडिशाचा असेल आणि हिंदीच वाचत असेल तर हिंदीत द्या. इंग्रजी लेटरहेडवरच्या वकिली इंग्रजीने कोणाचंच भलं होत नाही. उत्तराला आठवडाभराची मुदत द्यावी.

प्रकरण गंभीर असेल, म्हणजे मारामारी, चोरी, साक्षीदारांवर दबाव, तर चौकशी होईपर्यंत निलंबित करता येतं. निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे, म्हणून घरी बसवलेल्या माणसाला निर्वाह भत्ता द्यावा लागतो: पहिले ९० दिवस वेतनाच्या ५० टक्के, त्यानंतर उशीर त्याच्यामुळे झाला नसेल तर ७५ टक्के. चौकशी सर्वसाधारणपणे ९० दिवसांत संपवायची असते. संहितेतला हा भाग ३०० आणि त्याहून जास्त कामगारांच्या आस्थापनांसाठी आहे, पण चाळीस माणसांच्या कारखान्यानेही हाच दंडक पाळावा. बिनपगारी, बिनमुदतीचं निलंबन कोणत्याच मंचावर टिकवून धरणं अवघड आहे.

चौकशी म्हणजे कोर्ट नव्हे. एक टेबल, चार खुर्च्या आणि लिहिणारा माणूस एवढं पुरतं. पण चौकशी अधिकारी तक्रारदार नसावा, साक्षीदार नसावा, मालकाचा मेहुणाही नसावा. बाहेरचा वकील नेमायची पद्धत आहे, तीच बरी. कामगाराला सोबत सहकारी किंवा युनियनचा माणूस बसवू द्या. आधी व्यवस्थापनाचे साक्षीदार, कामगारासमोर. त्याला प्रत्येकाची उलटतपासणी घेऊ द्या. मग त्याची साक्ष, त्याचे साक्षीदार. प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या आणि त्याच दिवशी त्याला एक प्रत. सही करायला तो नकार देत असेल तर आवाज चढवू नका, ‘वाचून दाखवले, सही करण्यास नकार दिला’ अशी नोंद करून हजर असलेल्या दोघांच्या सह्या घ्या. तो आलाच नाही तर तारीख पुढे ढकला, पुन्हा कळवा. दोन-तीनदा कळवूनही येत नसेल तर त्याच्या गैरहजेरीत पुढे जाता येतं, पण तेव्हाही साक्षीपुरावा घ्यावाच लागतो. गैरहजर म्हणजे कबूल, असं होत नाही.

अहवाल आला की तो कामगाराला द्या आणि शिक्षेबद्दल त्याचं म्हणणं मागवा. इथे मालक उतावीळ होतात. ‘सिद्ध झालं ना, मग पुन्हा काय विचारायचं?’ विचारायचं, कारण गुन्हा किती आणि शिक्षा किती, याचा वेगळा विचार व्हायला हवा. किरकोळ किंवा तांत्रिक चुकीसाठी, आधीची नोकरी न बघता, धक्कादायक वाटेल इतकी जास्त शिक्षा देणं हीसुद्धा अनुचित प्रथांच्या यादीत आहे. चौकशीत अवाजवी घाई करणं आहे, गैरहजेरीचा बनावट आरोप आहे, खोट्या फौजदारी प्रकरणात गुंतवणंही आहे. पंधरा वर्षांचा स्वच्छ माणूस एकदा शिवी देऊन बसला तर त्याला समज द्या, वाढ थांबवा. बडतर्फी हे शेवटचं हत्यार आहे.

भारत फोर्जचं प्रकरण या बाबतीत पुण्यातल्या प्रत्येक पर्सोनेल खात्याला पाठ असतं. १९८३ सालच्या ऑगस्टमध्ये तिथला एक कामगार सकाळी ११.४० वाजता लोखंडी प्लेटवर गाढ झोपलेला सापडला. चौकशी झाली, त्याला काढलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि खालच्या पातळीवर शिक्षा फार कडक झाल्याचं मत पडलं. झोपण्यासाठी नोकरी घालवायची? ऐकणाऱ्यालाही तसंच वाटेल. पण ती त्याची चौथी खेप होती. आधीच्या तिन्ही वेळी पकडल्याची आणि किरकोळ शिक्षेवर सोडल्याची नोंद कंपनीकडे होती, आणि चौकशीत खोट नव्हती. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली. आधीच्या तीन वेळी ‘जाऊ दे’ म्हणून तोंडी सोडलं असतं तर कोर्टापुढे एकच झोप उरली असती. अर्थात सगळं रीतसर करूनही निकालाला एकवीस वर्षं लागली, हेही विसरू नका. तडजोडीचा रस्ता दिसत असेल तर मानापमान बाजूला ठेवून तो बघावा.

दुसरं प्रकरण मालकांसाठी जास्त बोचरं आहे. महाराष्ट्रातल्याच एका शाळेतल्या शिक्षिकेला रीतसर चौकशी न होता काढलं गेलं होतं. न्यायाधिकरणाने तिला परत घेऊन पूर्ण पगार द्यायला सांगितलं, उच्च न्यायालयाने मागचा पगार काढून टाकला, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो परत दिला. बेकायदा काढलेल्या माणसाला सेवा अखंड धरून, मागच्या पूर्ण पगारासह परत घेणं हाच सर्वसाधारण नियम, असं त्यात म्हटलं. दहा वर्षं दुसऱ्याकडून काम करून घेतलेल्या जागेचा दहा वर्षांचा पगार पुन्हा मोजायचा, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. कामगाराला तक्रार करायला संहितेनुसार दोन वर्षं आहेत, तेव्हा सहा महिने काही आलं नाही म्हणून फाइल रद्दीत घालू नका.

काही ठिकाणी थांबावंच लागतं. प्रसूती रजेवरच्या बाईला रजेच्या काळात काढता येत नाही. ईएसआयचा आजारपणाचा लाभ घेत असलेल्यालाही नाही. लैंगिक छळाची तक्रार असेल तर ती अंतर्गत समितीकडेच गेली पाहिजे, मालकाने केबिनमध्ये दोघांना समोरासमोर बसवून ‘मिटवायची’ नसते. आणि युनियनची एखादी मागणी समेटासाठी किंवा न्यायाधिकरणात पडून असेल तर त्या काळात कोणालाही काढण्याआधी वकिलाला विचारा. तिथे परवानगीचे आणि मंजुरीचे वेगळे नियम लागतात.

काम कमी झालं म्हणून कपात करायची तर फार खल करायची गरज नाही, नियम स्वच्छ आहेत. एक महिन्याची लेखी नोटीस कारणासह, किंवा तेवढं वेतन. प्रत्येक पुऱ्या वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन भरपाई, सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरायचा. सरकारला कळवायचं. त्या प्रकारच्या कामातला जो शेवटी आला तो आधी जातो. हा क्रम मोडायचा असेल तर कारण लिहून ठेवा. ३०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला आधी सरकारची परवानगी लागते. नव्या संहितेने कामगार पुनर्कौशल्य निधीसाठी आणखी १५ दिवसांचं वेतन मालकावर टाकलं आहे, तेही विसरायचं नाही. भरपाई नोटिशीच्या पगाराबरोबरच हातात पडली पाहिजे. ‘पुढच्या महिन्यात देतो’ म्हटलंत की कपातच अडचणीत येते.

या सगळ्याला कंटाळून काही जण राजीनाम्याची पळवाट काढतात. नेमणुकीच्या दिवशीच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवणं, किंवा केबिनमध्ये तीन तास बसवून ‘पोलिसात देतो’ म्हणत लिहून घेणं. सहीची शाई आणि मजकुराची शाई वेगळी, मजकूर टंकलेला, दुसऱ्याच दिवशी कामगाराचं ‘माझ्याकडून जबरदस्तीने घेतला’ असं पत्र पोस्टात. असा राजीनामा बडतर्फीपेक्षाही कमजोर असतो, कारण बडतर्फीच्या मागे निदान एखादं कारण तरी असतं.

निरोप सांगायचा दिवस. पत्र, हिशेबाचा तक्ता आणि पैसे, तिन्ही तयार असल्याशिवाय बोलावू नका. दिवाळीच्या तोंडावर सांगू नका, बोनस बुडवायला काढलं असंच सगळे समजतात, आणि बोनस तसाही बुडत नाही: वर्षात ३० दिवस काम भरलेल्या पात्र माणसाचा त्या वर्षाचा बोनस लागू राहतो. फसवणूक, चोरी, मारामारी अशा कायद्याने ठरवलेल्या कारणांसाठी बडतर्फ झालेल्याचाच तो जातो. निरोप मालकाने किंवा खात्याच्या प्रमुखाने स्वतः सांगावा. तीन महिन्यांपूर्वी आलेल्या एचआरच्या मुलीवर ढकलू नये. तिसरा माणूस खोलीत असावा, पण चार-पाच जण ओळीने बसवू नका. बोलणं दहा मिनिटांत संपतं. “निर्णय झालाय. अहवाल तुम्ही वाचलाय, तुमचं उत्तरही आम्ही वाचलं. हे पत्र, हा हिशेब. काही विचारायचं असेल तर विचारा.” एवढंच. ‘मलाही फार वाईट वाटतंय, झोप लागली नाही’ असं काही सांगत बसू नका, तुमच्या झोपेची काळजी करायची त्याची वेळ नसते. एरवी ज्याला ‘अरे’ म्हणता त्याला त्या दिवशी एकदम ‘अहो’ म्हणायला गेलात तर ते टोमण्यासारखं लागतं. पत्रात मात्र सरळ ‘आपण’ हवं. तो चिडेल, रडेल, शिव्याही देईल. वाद घालू नका, निर्णय तिथल्या तिथे बदलूही नका.

आणि हे सांगायच्या आधी कारखान्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून त्याचं नाव काढू नका. मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला फोनवरून आपली नोकरी गेल्याचं कळणं आणि आजूबाजूच्या चौघांना ते त्याच्याआधी कळणं, याची जखम पैशाने भरत नाही. असा माणूस मग शेवटपर्यंत लढतो, तडजोडीला येत नाही. त्याला लॉकर स्वतः रिकामं करू द्या. वॉचमन चार पावलं मागे राहिला तरी चालतं.

पैशाचं एकेक बघू. वेतन संहितेनुसार काढलेल्या किंवा राजीनामा दिलेल्या माणसाचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावं लागतं. पुढच्या सात तारखेची वाट बघण्याची जुनी सवय सोडा. शेवटच्या दिवसापर्यंतचा पगार, ओव्हरटाइम, शिल्लक रजेचे पैसे, बोनस, लागू असेल तर नोटीस आणि भरपाई. उचल घेतली असेल तर ती वजा करा, पण तिचा कागद जोडा. ग्रॅच्युइटी दहा किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेत, पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर. हिशेब असा: शेवटचं मासिक वेतन १८,२०० असेल तर भागिले २६ म्हणजे दिवसाचे ७००, गुणिले १५ म्हणजे वर्षामागे १०,५००. सेवा सात वर्षं आठ महिने, म्हणजे आठ वर्षं धरायची, ८४,००० रुपये. मुदत तीस दिवसांची. वेतन धरताना जपा: बेसिक मुद्दाम कमी ठेवून भत्ते फुगवले असतील तर नव्या संहितांप्रमाणे एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर जाणारा भत्त्यांचा भाग वेतनातच धरला जातो.

बडतर्फ केला म्हणजे ग्रॅच्युइटी गेली, हा मोठा गैरसमज आहे. कंपनीचं नुकसान केलं असेल तर नुकसानीएवढी रक्कम कापता येते. सगळी किंवा काही जप्त करायची तर दंगा, हिंसा किंवा नैतिक अधःपतनाचं कृत्य सिद्ध व्हावं लागतं, आणि त्यासाठीही वेगळी नोटीस, वेगळा आदेश लागतो. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की त्यासाठी फौजदारी शिक्षा झालेलीच हवी असं नाही. पण त्याच निकालात तिकिटांच्या पैशांत अफरातफर केलेल्या एसटी वाहकांची ग्रॅच्युइटी फक्त २५ टक्के जप्त ठेवली, कारण रकमा लहान होत्या. त्यावरून काय कापायचं त्याचा अंदाज घ्या.

पैसे बँकेतून द्या. ‘पूर्ण व अंतिम हिशेब मिळाला’ या पावतीवर सही मागायला हरकत नाही, पण सहीशिवाय पैसे नाहीत, असं करू नका. तो ‘हक्क राखून’ असं लिहून सही करत असेल तर करू द्या. आयटीआयची मूळ प्रमाणपत्रं, आधारची प्रत, वाहन परवाना असं काही कपाटात अडकवून ठेवलं असेल तर त्याच दिवशी परत करा. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख भरा. दोन महिन्यांनी ती तो स्वतःही भरू शकतो, पण तुम्ही चुकीची भरली तर दुरुस्तीला त्याला हेलपाटे पडतात. अनुभवपत्रात पद आणि तारखा पुरेत.

दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना काय सांगायचं हा प्रश्न उरतोच. काही सांगितलं नाही तर चहाच्या टपरीवर दुपारपर्यंत तीन गोष्टी तयार होतात. पाळी सुरू होताना सुपरवायझरने दोन वाक्यं बोलावीत: अमुक आता आपल्याकडे नाहीत, त्यांचं काम पुढच्या आठवड्यापर्यंत अमुक बघतील. आरोप काय होता, सिद्ध काय झालं, हे सांगायचं नाही, सूचना फलकावर फोटो लावणं तर लांबच. कपात असेल तर आणखी कोणाचा नंबर आहे का, हे लोक विचारणारच. नसेल तर नाही म्हणा. असेल किंवा ठरलं नसेल तर ‘आता कोणी नाही’ असा शब्द देऊ नका.

महिना-दोन महिन्यांनी नव्या मालकाचा फोन येईल, “कसा होता हो माणूस?” उत्तर एकच ठेवा: या तारखेपासून या तारखेपर्यंत, या पदावर. जास्त विचारलं तर लेखी विचारायला सांगा. आणि हा फोन कोणी घ्यायचा ते आत्ताच ठरवून गेटवर आणि ऑफिसात सांगून ठेवा. नाहीतर तो उचलतो स्टोअरकीपर, आणि चौकशी अहवालात नसलेलं काहीतरी सांगून बसतो.